पाहुण्यांच्या ताटातले तूप

घरगुती समारंभांचा स्वयंपाक करून देणे हा माझा पुण्यातला व्यवसाय आहे. डोहाळजेवणे, मुंजी, साठीशांत, मंगळागौर अशी कामे नेहमीची असतात आणि त्यांत सहसा कोणाला भर दुपारी स्वयंपाकघराचे दार लावून घेऊन बोलावे लागत नाही. प्रभात रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात रंगपंचमीच्या दिवशी मात्र तशी वेळ आली. संध्याकाळी गच्चीवर पुरणपोळीचे जेवण आणि थंडाई असा बेत ठरला होता, आणि यजमानांचे चिरंजीव, जे टोरांटोला नोकरी करतात आणि सुट्टीवर आले होते, माझ्यासमोर तुपाची एक बरणी ठेवून म्हणाले, "काकू, पोळीवर वाढायला अर्धं तूप यातलं घ्याल का? मित्राने दिलंय. गांजाचं आहे."

त्यांना मी उथळ समजावे असे त्यांच्या बोलण्यात काहीच नव्हते. मी शांतपणे विचारल्यावर त्यांनी तिकडची पद्धत सांगितली, आणि ती खरोखर विचारपूर्वक बसवलेली होती. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला आणि पुढच्या वर्षी तो घातलेल्या खाद्यपदार्थांनाही परवानगी मिळाली. परवानाधारक दुकानातल्या अशा पदार्थाच्या एका पाकिटात नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही आणि आकडा वेष्टनावर छापलेला असतो. हे गृहस्थ घरी मित्रांना बोलावत तेव्हा आमंत्रणातच सगळे स्पष्ट सांगत. गांजाचे पदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवून प्रत्येकापुढे मात्रेची चिठ्ठी लावत, तेच पदार्थ साधेही करत, नवख्याला अडीच मिलिग्रॅमच्या वर देत नसत, सोबत दारू ठेवत नसत आणि रात्री कोणालाही गाडी चालवू देत नसत. लहान मुले असलेल्या घरी हा बेत ते करतच नसत. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत जाणवतो, पण खाल्लेल्याचा जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात. तेवढ्यात "काहीच होत नाही" म्हणून माणूस आणखी खातो आणि मग रात्रभर घाबरून बसतो, हेही त्यांनीच मला समजावून सांगितले. पाहुण्याची इतकी काळजी घेणारे यजमान मला माझ्या व्यवसायात फार थोडे भेटले आहेत.

म्हणूनच मी त्यांच्याच नियमांनी ती बरणी पाहायला घेतली. झाकण उघडल्यावर तूप चांगले रवाळ होते, पण वरच्या थराला हिरवट झाक होती आणि वास उकडलेल्या पाल्यासारखा येत होता. बरणीवर चिठ्ठी नव्हती. एका चमच्यात किती टीएचसी आहे हे ना त्यांना सांगता येत होते, ना ते देणाऱ्या मित्राला. घरी कढवलेल्या अशा तुपात अर्क सगळीकडे सारखा उतरतो असेही नाही. एका पोळीवर नाममात्र पडेल आणि दुसरीवर भलताच पडेल. तिकडच्या चिठ्ठीचा आधार होता छापील आकडा, आणि इथे तो आकडाच नव्हता.

त्यांचे म्हणणे असे, की हे तूप केवळ पाल्याचे आहे आणि पाल्यावर कायद्याने बंदी नाही. यातला अर्धा भाग खरा आहे. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या केंद्रीय कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे अशी आहे आणि शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया तिच्यातून वगळल्या आहेत. भांग बऱ्याच ठिकाणी उघड विकली जाते ती त्याचमुळे. पण महाराष्ट्रात भांगेला 1949 चा दारूबंदी कायदा लागू होतो आणि परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. शिवाय कढवून गाळलेल्या तुपाकडे पाहून त्यात पाला उकळला होता की शेंडे, हे कोण सांगणार? शेंडे असतील तर प्रश्न केवळ खाणाऱ्याचा राहत नाही, कारण त्याच केंद्रीय कायद्याच्या 25 व्या कलमानुसार आपल्या घराचा अशा कामासाठी वापर जाणूनबुजून होऊ देणाराही शिक्षेस पात्र ठरतो. मी म्हटले, "बंगला बाबांच्या नावावर आहे ना? त्यांना या बरणीविषयी ठाऊक आहे का?" त्यांना ठाऊक नव्हते. चिरंजिवांनी पहिल्यांदा बरणीवरचा हात काढला.

तरीही माझ्या मनात सर्वांत वर होती ती गोष्ट कायद्याची नव्हती. आमच्याकडे पोळीवर तूप वाढले जाते ते वाढप्याच्या हातातल्या तोटीच्या भांड्यातून. पातळ केलेले तूप एकदा त्या भांड्यात गेले, की हे साधे आणि ते दुसरे हा फरक डोळ्यांना दिसत नाही. त्या रात्री गच्चीवर त्यांच्या मित्रांबरोबर आईच्या भिशीतल्या बायका येणार होत्या, शेजारचे आजोबा येणार होते, आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्या त्यांच्या आत्याही येणार होत्या. जेवण उरले की ते माझ्या मदतनीस बायका डब्यात भरून घरी नेतात, हे पाहुण्यांना सहसा माहीत नसते. उरलेल्या पोळ्या तूप लावलेल्याच असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लहान मुलांच्या हातात पडतात. मोठ्या माणसाला नुसती गुंगी आणणारी मात्रा लहान मुलाला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते, त्याचा श्वास मंदावू शकतो. मी त्यांना एवढेच सांगितले, की तुमच्या तिकडच्या टेबलावर बसलेला प्रत्येकजण हो म्हणून बसलेला होता, पण माझ्या मदतनिसांच्या मुलांना कोणीही विचारलेले नाही.

हे तूप घरात असेपर्यंत शेगडी पेटणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. राग येईल अशी माझी अपेक्षा होती, पण ते थोडा वेळ खिडकीपाशी उभे राहिले आणि मग त्यांनी स्वतःच बरणी न्हाणीघरात रिकामी केली. बरणी आणि चमचा आम्ही सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने धुतला.

हिरमुसलेल्या माणसाच्या घरी रंगपंचमीचा स्वयंपाक करणे मला आवडत नाही, म्हणून मी एक सुचवले. कुमाऊँकडे भांगेच्या बिया भाजून चटणी करतात. बियांमध्ये स्वतःची नशा नसते आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे. टीएचसीची मर्यादा बियांच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम इतकी कडक आहे. कोथरूडच्या एका दुकानातून परवाना क्रमांक छापलेले पाकीट त्यांनीच आणले. लोखंडी तव्यावर मंद आचेवर बिया टाकल्या, की त्या तडतडून उडतात आणि भाजलेल्या तिळाहून जरा उग्र वास सुटतो. जिरे, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, मीठ आणि भरपूर लिंबू घालून त्या वाटल्या. टरफले दातांखाली येतात म्हणून अर्ध्या वाटणात पाणी घालून ते गाळले आणि तो दुधाळ रस अळकुडीच्या रस्सा भाजीत घातला. थंडाई बदाम, मगज, खसखस, बडीशेप, मिरी आणि गुलाबपाकळ्यांची केली, बाकी काही नाही.

चिठ्ठ्या मात्र त्यांनी टोरांटोसारख्याच लिहिल्या, मराठीत आणि वळणदार अक्षरात: "भांगेच्या बियांची चटणी. नशा येत नाही. नको असल्यास शेजारी शेंगदाण्याची आहे." आत्यांनी चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली आणि शेंगदाण्याची घेतली. शेजारच्या आजोबांनी भांगेच्या बियांची दुसऱ्यांदा मागून घेतली. मित्रमंडळी गच्चीवर उशिरापर्यंत गात बसली होती आणि उरलेल्या पोळ्या माझ्या बायकांनी नेहमीप्रमाणे डब्यात भरल्या.

त्यानंतर मी माझ्या मागणीपत्रात एक ओळ घातली. पाकीटबंद नसलेला आणि पाहुण्यांना सांगता येणार नाही असा कोणताही जिन्नस यजमानांकडून स्वयंपाकात घेतला जाणार नाही. एका घराने होळीची मागणी या ओळीमुळेच रद्द केली. ओळ मी तशीच ठेवली आहे.