बटाटा गोड लागतोय

काका रोज म्हणायचे, "बटाटा गोड लागतोय," आणि घरातले एकमेकांकडे बघायचे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या या घरी मी सकाळची पोळी-भाजी करते. काका मोठ्या आजारातून उठलेले, त्यामुळे त्यांच्या तोंडाची चव गेली हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. डॉक्टरांना सांगून गोळ्याही सुरू झाल्या. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तिखट जरा वाढवा."

मला वेगळंच खटकत होतं. काचऱ्या करपत होत्या. विळीवर एकसारख्या पातळ चिरायच्या, पाणी नितळ होईतो धुवायच्या, फडक्यावर कोरड्या करायच्या. बिडाच्या तव्यावर फोडणी तडतडली की पसरायच्या आणि मग हात आवरायचा. सारखं ढवळलं की खालून लाल पापुद्रा धरत नाही. झाकण ठेवलं की वाफेने मऊ पडतात, मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. हे सगळं नीट करूनही कडा काळ्या, कडवट आणि मधे कच्चं. "गॅस मोठा राहत असेल," वहिनी म्हणायच्या. पदार्थ बिघडला की आधी बाईच्या हाताकडे बोट जातं, जिन्नस कोणी बघत नाही.

त्या दिवशी नातीला हॅश हवं होतं. म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या बारीक फोडी आणि कांदा तव्यावर उलथन्याने दाबून, खालून खरपूस झाल्यावर उलटायचं. एरवी वहिनी बटाटे ओट्यावर काढून ठेवतात. त्या दिवशी मला म्हणाल्या, "फ्रीजमधून घ्या." खालचा खण बटाट्यांनी भरलेला. मोड येऊ नयेत म्हणून. उकडल्यावर एक फोड तोंडात टाकली. गोड होती, अगदी स्पष्ट गोड.

फ्रीजच्या गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. ती साखर तव्यावर लवकर काळी पडते, आतला भाग शिजायच्या आधीच. चिप्सवाले म्हणून तर त्यांचा बटाटा 10 ते 12 अंशांवर ठेवतात. उत्तरेकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये शीतगृहात जातो आणि महिनोन्महिने तिथून येत राहतो. म्हणून पावसाळ्यात बाजारातलाही कधी कधी गोडसर निघतो.

दुसऱ्या दिवशी भद्रकाली मार्केटमधून थोडे बटाटे नेले आणि एकाच तव्यावर, एकाच आचेवर दोन्ही घातले. अर्ध्या काचऱ्या काळवंडल्या, अर्ध्या सोनेरी. काकांनी सोनेरी खाल्ली आणि म्हणाले, "हा बटाटा." वहिनींनीही दोन्ही खाऊन पाहिल्या. गप्प झाल्या.

वहिनी मनाने चांगल्या आहेत. काकांची औषधं, पथ्य, व्यायाम सगळं वेळेवर करतात. पण काकांच्या ताटातली एक काचरी उचलून कोणी तोंडात टाकली नव्हती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता बटाटे ओट्याखाली टोपलीत असतात, कांद्यापासून लांब. फ्रीजमधले बाहेर काढून ठेवलेत, दोन-तीन आठवड्यांत गोडी बरीच उतरते. डॉक्टरांना हे सांगणार का, असं वहिनींना विचारलं. "आता कशाला?" म्हणाल्या. पण चवीच्या गोळ्या अजून चालू आहेत. पुढच्या तपासणीआधी मी पुन्हा विचारणार आहे, काकांच्या समोर.