याकुशिमा: पावसाचं बेट, काय बघावं आणि काय सोडलं तरी चालेल

जपानला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा मार्ग ठरलेला असतो, तोक्यो, फुजी, क्योतो, हिरोशिमा आणि घरी परत. ज्यांना पावसाळ्यात सह्याद्रीत भटकायची सवय आहे त्यांनी यातलं एखादं शहर खुशाल गाळावं आणि याकुशिमा घालावं. क्युशू या जपानच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाच्याही दक्षिणेला असलेलं हे गोलसर बेट, किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी फिरवली तर साधारण १०० किमी, आणि मधोमध एकदम १९३६ मीटर उंचीचा मियानोउरा-दाके. समुद्रावरून आलेले ढग या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. किनाऱ्यावर वर्षाला ४००० मिमीच्या वर पाऊस, आत डोंगरात ८००० च्या पुढे. आंबोलीचा पाऊस बघितलेल्यांना अंदाज येईल, फक्त तो चार महिन्यांत न संपता वर्षभर चालू असतो. तिथले लोकच म्हणतात की इथे महिन्यातले ३५ दिवस पाऊस पडतो.

त्यामुळे पहिला सल्ला असा की अंदाजात पाऊस दिसला म्हणून बुकिंग रद्द करत बसू नका, ते रोजच दिसणार. (वादळ आणि अतिवृष्टीचा इशारा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वाटाच बंद करतात.) पण दहा तास भिजायचंय हे धरून या. पोंचो आणि छत्री काही कामाची नाही, जॅकेट-पँट असा वेगवेगळा रेनसूट हवा. मियानोउरा आणि आन्बो या दोन्ही गावांत रेनसूट, बूट, हेडलॅम्प, सॅकचं कव्हर सगळं भाड्याने मिळतं, भारतातून ओझं आणू नका. जीन्स तर अजिबात नको.

पोचायचं कागोशिमावरून. तिथपर्यंत शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) आहे, पुढे हायस्पीड बोट साधारण दोन तासांत किंवा मोठी फेरी चार तासांत. विमानही आहे. आमच्याबरोबर माझे सासरे होते आणि त्यांना हायस्पीड बोटीत पट्टा लावून बसवल्यावर ते म्हणाले, "अरे, बोटीत पट्टा कशाला, बुडायला सोपं जावं म्हणून का?" तर समुद्रात मोठा मासाबिसा आडवा आला आणि बोट अचानक थांबली तर धक्का बसतो म्हणून. घाई नसेल तर फेरीच घ्या, स्वस्त आहे, डेकवर फिरता येतं आणि आखातातून बाहेर पडताना आधी साकुराजिमाचा ज्वालामुखी आणि मग काइमोनदाकेचा सुळका मस्त दिसतो.

आता मुख्य आकर्षण, जोमोन सुगी. सुगी म्हणजे ज्याला जपानी देवदार म्हणतात ते झाड, आणि इथे हजार वर्षांच्या वरच्या झाडालाच याकुसुगी म्हणायचं, त्याखालची सगळी पोरंटोरं. जोमोन सुगी २५ मीटर उंच, बुंध्याचा घेर १६ मीटरच्या वर, वय नक्की कोणी सांगू शकत नाही, २००० पासून ७२०० वर्षांपर्यंत अंदाज आहेत. आराकावाच्या पायथ्यापासून जाऊन-येऊन २२ किमी, दहा तास धरा. मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना वर बंदी आहे, त्यामुळे आन्बोजवळच्या याकुसुगी म्युझियमपासून पहाटे पाचच्या सुमाराला सुटणारी बस पकडायची. बसचं तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवायचं, पहाटे तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. त्याबरोबरच डोंगराच्या देखभालीसाठी माणशी १००० येन घेतात.

पहिले आठेक किलोमीटर जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या रुळांमधून चालायचंय. १९२३ साली सुरू झालेली ही छोटी रेल्वे, वाटेत कोसुगिदानी नावाच्या वस्तीचे अवशेष लागतात, लाकूडतोड्यांची कुटुंबं, शाळा, सगळं होतं, १९७० मध्ये वस्ती उठली. रुळांच्या मध्ये फळ्या टाकलेल्या आहेत आणि ओल्या फळीवर पाय सटकतो, गप्पा मारत चालणाऱ्यांनी लक्ष द्या. सपाट असल्यामुळे कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. रूळ संपले की खरी चढण. थोडं वर विल्सनचा बुंधा, एका प्रचंड तोडलेल्या झाडाचा पोकळ बुंधा, १९१४ मध्ये आलेल्या विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. आत शिरून एका कोपऱ्यातून वर बघितलं की आकाशाचा बदाम दिसतो आणि त्या फोटोसाठी रांग लागते. फोटो काढा, पण आत वाहणारा झरा आणि छोटंसं देऊळही बघा, तिकडे कोणी बघतच नाही.

आणि शेवटी जोमोन सुगी दिसतो तो लाकडी प्लॅटफॉर्मवरून, बऱ्यापैकी लांबून, कारण मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून जवळ सोडत नाहीत. माझं प्रामाणिक मत, झाड भव्य आहे, पण फक्त तेवढ्यासाठी २२ किमी चालणार असाल तर हिरमोड होऊ शकतो. मला जास्त आवडले ते वाटेतले बुंधे. त्यांची गोष्ट कळली की अख्खं जंगल वेगळं दिसायला लागतं. सतराव्या शतकापासून इथे सुगी तोडून छपरासाठी सपाट फळ्या काढायचे, भातशेती जवळपास नसल्यामुळे बेटावरचे लोक तांदळाऐवजी या फळ्याच सारा म्हणून भरायचे. फळी काढायची तर झाड सरळ हवं. जे वाकडंतिकडं, गाठींचं, ते सोडून दिलं. म्हणजे आज आपण हजारो मैलांवरून ज्यांचे फोटो काढायला येतो ते सगळे त्या काळचे रिजेक्ट केलेले! जोमोन सुगीच्या अंगावरच्या गाठी बघा, लगेच पटतं.

तोडलेल्यांचे बुंधेही शेकडो वर्षं कुजलेले नाहीत. इथली जमीन ग्रॅनाइटची, माती कमी, झाड इतकं सावकाश वाढतं की लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं असतं. त्या बुंध्यावर शेवाळ, शेवाळात बी रुजून दुसरं झाड, ते तोडलं तर त्याच्यावर तिसरं. अशी तीन पिढ्यांची झाडं रुळांच्या कडेलाच दिसतात, पाटी आहे.

जोमोन सुगी करायचाच असेल तर दहाच्या आत रूळ संपवा, एकच्या आत झाडापाशी पोचा, नाही जमलं तर जिथे असाल तिथून मागे फिरा, शेवटची बस चुकली तर वर दुसरं काही नाही. पाणी ओढ्यांचं भरून पितात, आम्हीही प्यायलो. टॉयलेट मोजके आहेत, दुकानातून पोर्टेबल पिशवी घेऊन ठेवा, त्यासाठी वाटेत आडोसे केलेले आहेत.

एवढं चालायचं नसेल तर शिरातानी उन्सुइक्यो. माझ्या मते बेटावरची सगळ्यात सुंदर जागा हीच. मियानोउराहून गाडीने किंवा बसने अर्ध्या तासात, प्रवेशाचे ५०० येन, ताइकोइवा खडकापर्यंत जाऊन-येऊन चार-पाच तास. दगड, मुळं, पडलेली खोडं, सगळ्यावर शेवाळ, आणि हिरवा रंग एक नाही. खाली वाकून बघाल तर एक शेवाळ छोट्या नेच्यासारखं, एक मखमलीच्या गोळ्यांचं, एक तांबूस दोऱ्यांचं ज्याच्या प्रत्येक टोकाला एकेक थेंब अडकलेला. पाऊस थांबल्या थांबल्या गेलात तर नशीबवान. वाटेचा काही भाग एदो काळातला (सतरावं ते एकोणिसावं शतक) दगडी आहे, बुळबुळीत आहे, काठी घ्या. ओढ्याला पाणी वाढलं की पलीकडची वाट बंद करतात, तिकीट खिडकीवर सांगतात तेव्हा ऐका. शेवटी ताइकोइवावर ढग हटले तर अख्खी दरी पायाखाली, नाही हटले तर पांढरा पडदा. आम्हाला पडदा.

सासऱ्यांचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही एक दिवस याकुसुगी लँड केलं. नाव ऐकून पाळणे असतील असं वाटतं पण तसं काही नाही, जंगलच आहे, लाकडी पायवाटा, अर्ध्या तासापासून अडीच-तीन तासांपर्यंत वेगवेगळे मार्ग. तिथून पुढे गाडीने गेलं की रस्त्याला लागूनच किगेनसुगी, वय ३००० वर्षं सांगतात. काच खाली केली की दर्शन! आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे नक्की करा.

किनाऱ्यासाठी गाडी भाड्याने घ्या, बस कमी आहेत. भारतातून आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणायचं, गाडी आपल्यासारखीच डावीकडून. पश्चिमेचा सेइबू रिंदो हा रस्ता चिंचोळा आहे आणि तिथे माकडांच्या टोळ्या रस्त्यातच एकमेकांच्या उवा काढत बसलेल्या असतात, हॉर्न न मारता थांबा, काही खायला देऊ नका. बारकी हरणंही तिथेच. त्या बाजूला पेट्रोल पंप नाही आणि इतर पंप संध्याकाळी लवकर बंद होतात. धबधब्यांत ओको-नो-ताकी, ८८ मीटर, अगदी पायथ्याशी जाता येतं. सेन्पिरो लांबून बघायचा आहे, दहा मिनिटं पुरे.

हिराउची इथे समुद्रातच गरम पाण्याचं कुंड आहे, ओहोटीच्या वेळी फक्त काही तास उघडं पडतं. स्त्री-पुरुष एकत्र, कपडे बदलायला खोली नाही आणि स्विमसूट चालत नाही, तेव्हा आपल्या लोकांनी आधी घरात चर्चा करून घ्यावी. आम्ही चर्चा केली आणि ओनोआइदाच्या वेगवेगळ्या स्नानगृहांत गेलो. पाणी असलं कढत की सासरे दोन मिनिटांत बाहेर.

खाण्यात उडता मासा, पंखांसकट अख्खा तळून देतात, पंख कुरकुरीत लागतात. शाकाहारींचं मात्र अवघड आहे, सूपमध्ये, सॉसमध्ये माशाचा अर्क असतोच. सुपरमार्केटमधून तयार भाताची पाकिटं, तोफू, उमेबोशीचे ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे) घ्या आणि मेतकूट, लोणचं घरून आणा. मोठ्या शहरासारखी कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास दुकानं इथे नाहीत. ट्रेकच्या डब्याची ऑर्डर आदल्या संध्याकाळी देऊन ठेवायची, बेन्तोवाले पहाटे उघडतात. कॅश जवळ ठेवा.

राहायला आन्बो बरं, पहाटेची बस जवळ पडते. एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, गोल्डन वीकची (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या जपानी सुट्ट्यांची) गर्दी टाळा, जूनमध्ये सगळ्यात जास्त पाऊस. पण मे ते जुलै नागाताच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात, ते बघायचं असेल तर आधी नोंदणी करून तिथल्या लोकांबरोबरच जायचं, रात्री आपलं आपण टॉर्च घेऊन नाही. तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, वादळं आली की बोटी रद्द होतात, म्हणून परतीचं विमान तोक्योहून असेल तर मध्ये एक दिवस मोकळा ठेवा, कागोशिमात काळ्या डुकराचं तोन्कात्सु (तळलेलं कटलेट) खाऊन तो वाया जात नाही.