प्रार्थना करून निघू

पुण्याहून नागपूरला गाडीने जायचं, तर पहाटे निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला पोहोचतो. आम्हाला पाच दिवस लागले. गाडी ठीक होती, रस्ते बरे होते, पंक्चर एकदाही झालं नाही. गाडीत पपा होते, एवढंच.

पपा निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीसेक वर्षांत सात गावच्या मंडळ्या, म्हणजे चर्चला येणारी माणसं, सांभाळल्या. सरकारी साहेबाची बदली झाली की खुर्ची सुटते आणि विषय संपतो. पाळकाचं तसं होत नाही. ज्यांचा बाप्तिस्मा केला ती पोरं मोठी होतात, त्यांची लग्नं याच्याच हातून लागतात, त्यांच्या आईबापांना मातीही हाच देतो. मग त्या घरावरून पुढे कसं जायचं?

नागपूरला आतेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि ते पपांनीच लावावं असा तिकडचा हट्ट. विमानाचं तिकीट काढतो म्हणालो, तर म्हणाले, "ते मध्ये कुठे थांबतं का?"

जानेवारी होता. डिकीत हँगरसकट पांढरा झगा, रेक्झिनच्या कव्हरातलं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आणि कॅम्पातल्या बेकरीतले श्रूजबरी बिस्किटांचे चौदा पुडे. पुडे मोजले तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. माझी यादी फोनमध्ये होती: नगरचा भुईकोट किल्ला, चांदबिबीचा महाल, सिंदखेडराजा, लोणार. त्यांच्या यादीला कागद लागला नाही.

पहिला मुक्काम केडगाव. ही दोन आहेत, एक दौंड तालुक्यातलं आणि एक नगरला चिकटलेलं. फोनमधल्या बाईने आम्हाला बिनदिक्कत नगरच्या रस्त्याला लावलं. वाघोलीपर्यंत गेल्यावर पपा शांतपणे म्हणाले, "पंडिता रमाबाई इकडे नव्हत्या रे." मग मागे फिरून सोलापूर रस्त्याला लागलो आणि चौफुल्याला वळलो. ज्या चौफुल्याचं नाव काढलं की लोकांना लावणीची कला केंद्रं आठवतात, तिथूनच रमाबाईंच्या मुक्ती मिशनला वळायचं. महाराष्ट्रात रस्ते माणसांपेक्षा उदार आहेत असं मला अधूनमधून वाटतं.

मुक्तीजवळ पपांची मावशी राहते. नव्वदी ओलांडलेली, कानाने कमी, बाकी टकाटक. मध्य प्रांतात 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी ज्या शेकडो मुली उचलून इथे आणल्या, त्यांत मावशीची आजी होती. ती पुढे इथल्याच छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ते छापून पुरं झालं 1924 मध्ये, म्हणजे बाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर. मावशी हे सगळं असं सांगते, जणू काल रात्री शेवटचा फर्मा निघाला आणि अजून शाई ओली आहे.

"बाळू, चहा घे," मावशी म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाळूने दोन्ही हातांत कप धरला. एरवी पपा बशीत ओतून पितात, फुर्रकन आवाज करत. मला वाटलं, थंडी आहे, हात शेकत असतील.

चहाबरोबर करंजी आली. नाताळ होऊन पंधरा दिवस झालेले. घरोघरी डब्याच्या तळाशी शेवटच्या करंज्या उरल्या होत्या आणि त्या जणू आमच्यासाठीच राखलेल्या. केडगावची खोबऱ्याची, नगरची खसखस घातलेली, जालन्याची इतकी कडक की पाळकसाहेबांनी आधी कवळी तपासली.

आता मुख्य गोष्ट. आमच्यात कोणाच्याही घरून नुसतं उठून निघता येत नाही. एकाने घड्याळाकडे बघायचं, दुसऱ्याने "बरं मग" म्हणायचं आणि मग घरच्यांनी म्हणायचं, "प्रार्थना करून निघा." त्याबरोबर टीव्हीचा आवाज बंद होतो, बायका पदर नाहीतर ओढणी डोक्यावर घेतात, खेळणाऱ्या पोराला दंडाला धरून उभं केलं जातं. पपांची प्रार्थना दुरून सुरू होते. आधी देश, देशावरचे अधिकारी, शेतकरी, पाऊसपाणी. मग मंडळी, आजारी, विधवा. मग हळूहळू हे घर, या घरातली माणसं, आणि शेवटी आमची गाडी: "चाकांना राख, चालवणाऱ्याच्या डोळ्यांना राख." चालवणारा मीच. लहानपणी मी या मजलदरमजल प्रार्थनेत एक डोळा उघडून भिंतीवरची पाल बघायचो आणि नंतर मार खायचो. पपांचं माझ्याविषयीचं मत तेव्हा जे झालं ते आजतागायत टिकून आहे: याचं लक्ष नसतं.

आणि आमेन म्हटल्यावर निघता येतं, हा गैरसमज आहे. आमेननंतर चिवडा बांधायला घेतात.

नगरला दोन रात्री गेल्या. शहराचं नाव आता अहिल्यानगर, पाट्याही बदलल्यात, पण पपांच्या तोंडी नगरच. अमेरिकन मिशनरी इथे 1831 मध्ये आले. त्यांच्यातल्या सिंथिया फरार, आमच्या फरारबाई, 1839 मध्ये इथे आल्या, मुलींना शिकवत राहिल्या आणि इथेच 1862 मध्ये गेल्या. जोतीरावांनी त्यांची शाळा 1848 मध्ये पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईही पुढे शिकवण्याचं शिक्षण घ्यायला फरारबाईंकडे आल्या. नगरच्या ख्रिस्ती माणसाला हे पाढ्यांसारखं पाठ असतं आणि तो ते पाहुण्याला चहा निवेपर्यंत ऐकवतो.

रविवारी पपांच्या जुन्या मंडळीत उपासना. सेक्रेटरींनी "साहेबांनी चार शब्द बोलावेत" अशी विनंती केली. चार शब्द पस्तीस मिनिटं चालले. बाहेर आल्यावर रांगच लागली. "सलाम साहेब, ओळखलंत का?" हा प्रश्न क्रूर आहे, पण पपा त्यात कधी सापडत नाहीत. समोरच्याचा हात हातात घेऊन विचारतात, "आईचं कसं आहे?" आई असली तर ख्यालीखुशाली कळते, नसली तर माणूस सांगतो कधी गेली, आणि त्या वाक्यात त्याचं नाव-गाव सगळं आपोआप येतं. मी हे तंत्र माझ्या ऑफिसात वापरून पाहिलं. तिथे लोक घाबरतात.

त्या दुपारी तीन घरं. किल्ल्याच्या रस्त्याने आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा कोणाकडे तरी जाताना. नेहरूंना इथे जवळजवळ तीन वर्षं डांबलं होतं. मला तीन तास तरी मिळायला हरकत नव्हती. चांदबिबीचा महाल एका गच्चीवरून दाखवण्यात आला, दूर डोंगरावर, बोटभर. यजमानांनी लगेच खुलासा केला की तो महाल नव्हे, सलाबतखानाची कबर आहे, आणि चांदबिबीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे बघण्यासारखं काही राहिलंच नाही, असा त्यांचा सूर होता. "आत चला, चहा झालाय."

तिथेच मला एक गोष्ट उमगायला लागली. जेवताना चुलतभाऊ बोलत होता ते सगळं पाण्याच्या टँकरबद्दल. निघताना पपांच्या प्रार्थनेत मात्र त्याच्या धाकट्याची सुटलेली नोकरी होती, वहिनीच्या गाठीचा रिपोर्ट होता आणि दोन भावांतला जमिनीचा अबोला होता. पपांना हे कोणी कधी सांगितलं? ओसरीवर, हात धुताना, गाडी वळवताना. मिटलेल्या डोळ्यांनी ते सगळं मोठ्याने देवाच्या कानावर घातलं जात होतं, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते दोघे भाऊ शेजारीशेजारी उभे राहून ऐकत होते. तोंडावर बोलले असते तर ताटं भिरकावली गेली असती. इथे दोघांनी आमेन म्हटलं. आमचं कौटुंबिक वर्तमानपत्र असं निघतं आणि मी पन्नास वर्षं फुकट अंक चाळलाच नाही.

नेवाशाला पपांनी आपण होऊन गाडी थांबवायला सांगितली. ज्ञानेश्वर ज्या पैस खांबाला टेकून बसले, तो खांब. नारायण वामन टिळक म्हणत, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्यामुळे आमच्या घरात ओव्या-अभंग परके कधी नव्हते. ख्रिस्ती कीर्तनात झांजा वाजताना मी मोठा झालो. पपा खांबासमोर चप्पल काढून उभे राहिले, काही बोलले नाहीत. वीस मिनिटांत आम्ही परत गाडीत होतो. इथे ओळखीचं कोणी नव्हतं.

जालन्याला पपांचे सेमिनरीतले सोबती राहतात. तेही निवृत्त पाळक, एक गुडघा बदललेला. रात्रभर दोघांनी गावाजवळच्या बेथेलच्या गोष्टी काढल्या. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ते गाव. ब्राह्मण माणसाने मातंग-महारांच्या कुटुंबांना घेऊन माळावर घरं उभी केली, विहिरी खणल्या. काका सांगत होते, पपा दुरुस्त करत होते. मी झोपलो.

सकाळी निघायची वेळ झाली आणि पेच पडला. घरात पाळक दोन.

"तुम्ही करा."

"छे, घर तुमचं."

"पण पाहुणे तुम्ही. शिवाय ज्येष्ठ."

"दीड महिन्यांनी."

शेवटी दोघांनी केली. पपा देशापासून निघाले आणि गुडघ्याशी थांबले. मग काकांनी सुरुवात केली. त्यांची प्रार्थना पपांसारखी फिरत येत नाही, थेट दारात उतरते. "बापा, हा माझा भाऊ. याच्या हाताला कंप सुटलाय. पोराला सांगत नाही, चिंता करेल म्हणतो. लग्नात वाचताना याचा हात स्थिर ठेव."

मी डोळे उघडले. पाल बघायला नव्हे. पपांचे हात एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. केडगावचा कप, नगरचा कप, पुलपिटाची कड धरून केलेला उपदेश, हातात घेतलेले ते सगळ्यांचे हात... माझ्या डोक्यात सगळं उलटं फिरलं. आमेन झालं. काकू चिवडा बांधायला आत गेल्या.

जालन्यातून समृद्धीला लागलो. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, ताशी 120 ची मुभा, दुचाक्या नाहीत, गाव नाही, दार नाही, हात हलवणारं कोणी नाही. पपा कावरेबावरे झाले. "इथे माणसं कुठे ठेवलीत?" सिंदखेडराजाची पाटी आली आणि गेली; थांबू का विचारलं तर नको म्हणाले. तासाभराने मी न विचारता मेहकरच्या बाजूला उतरलो आणि लोणार गाठलं. पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचा खड्डा, उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेला, तळाशी खारं हिरवट पाणी. माझ्या यादीतलं एवढं एकच पदरात पडलं. पपांनी काठावरून बराच वेळ पाहिलं.

"खाली कोण राहतं?"

"कोणी नाही पपा. देवळं आहेत जुनी. मोर आहेत."

"हं." मग गाडीत बसताना म्हणाले, "हिस्लॉपसाहेबही असाच गेला होता बघायला. नागपूरचा." कॉलेजला ज्याचं नाव आहे तो मिशनरी स्टीफन हिस्लॉप, दगडांचा आणि भूगर्भाचा मोठा अभ्यासक. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना फुगलेल्या ओढ्यात बुडाला. "पाळकाने स्थळं बघायच्या नादी लागू नये," पपा म्हणाले. पुढे नागपूरपर्यंत झोपले.

लग्न छान लागलं. पपांनी वाचायला घेतलं तेव्हा मी पुस्तक धरायला पुढे झालो. व्हिडिओवाल्याला वाटलं तशी पद्धतच असेल.

दुसऱ्या दिवशी परत निघायचं म्हणून आतेबहिणीने चहा आणला, काठोकाठ भरलेला. मी म्हणालो, "पपांना अर्धाच कप दे गं."

पपांनी वर पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"जालन्याला ऐकलं. प्रार्थनेत."

त्यांनी अर्धा कप एका हाताने उचलला, बशीत ओतला. थोडा सांडला. फुर्रकन आवाज करत घोट घेतला आणि म्हणाले, "म्हणजे लक्ष असतं तुझं."