दिलरुबा, महिना पाचवा: ग सापडला, म पिच्छा सोडत नाही

सतार फेब्रुवारीत परत केली, बासरी नातवाला दिली, आणि जूनपासून दिलरुबा (केसांच्या गजाने वाजवायचं तंतुवाद्य) मांडीवर आहे. साठीनंतर कुठलं वाद्य घेऊ म्हणून जे कोणी माझ्यासारखे घोळ घालत बसलेत त्यांच्यासाठी ही सगळी रखडपट्टी लिहून ठेवतेय. वय 62, डाव्या हाताची अनामिका पूर्ण वाकत नाही, गुडघ्यांचं तर विचारूच नका.

सतारीचा आवाज लगेच येतो हो, मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) घालून दा रा दा रा केलं की पहिल्याच दिवशी घर भरून जातं आणि आपल्याला उगाच काहीतरी जमतंय असं वाटतं. पण तुंबा (सतारीचा भोपळा) डाव्या तळपायावर टेकवून मांडी घालायची म्हणजे वीस मिनिटांत मुंग्या, आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) काढायला तार पडद्यावरच (दांडीवरच्या आडव्या पट्टीवरच) बाजूला खेचावी लागते त्याने बोटांच्या टोकांना चरे पडले, भांडी घासताना विमचं पाणी लागलं की आई आठवायची.

बासरी स्वस्त आणि हलकी म्हणून घेतली. बासरीवादक पन्नालाल घोषांनी शास्त्रीय संगीतासाठी केली ती बत्तीस इंची वगैरे नाही, लहानच, तरी फसले. कारण साध्या सा लाच वरची तीन भोकं बंद लागतात आणि तिसरं भोक नेमकं त्या अनामिकेचं. ते नीट झाकलं गेलं नाही की सा च्या जागी नुसती हवा! शुद्ध म ला पहिलं भोक अर्धंच उघडायचं असतं म्हणे, पण सा च नाही तर म कुठला.

हे म्हणत होते पेटी घे, मराठी घरात पेटीच शोभते, आणि पेटीचे सूर बनतात ते पालिताण्यात, म्हणजे आपल्याच गुजरातेत. सगळं खरं. पण पेटीत मींड नाही, रेडिओवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती त्यामागे हेही एक कारण होतंच. आणि मला मींडच हवी होती. मी लग्नाआधी आठ वर्षं गाणं शिकले होते, आता थायरॉईडच्या ऑपरेशननंतर वरचा सा लागत नाही, आवाज मध्येच फाटतो, म्हणून गळ्यासारखं वाजणारं काहीतरी पाहिजे होतं. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, सतार परत करताना सगळ्यांनी धरसोड म्हणून ऐकवलं ते ऐकून घेतलं.

दिलरुबा दिसला बडोद्यात सूरसागरजवळच्या आपल्या म्युझिक कॉलेजात, मुलांचा कार्यक्रम होता (हीच ती सयाजीरावांच्या काळातली 1886 ची मौलाबक्षांची गायनशाळा, आमचे आजोबा शेवटपर्यंत गायनशाळाच म्हणायचे). एक पोरगा वाद्य डाव्या खांद्याला टेकवून गजाने वाजवत होता आणि मी गाणं सोडून त्याची बोटंच मोजत बसले. तर्जनी आणि मध्यमा, बास! दोनच बोटं तारेवरून सरकतायत, अनामिका नुसती सोबतीला. वर सतारीसारखे पडदे असल्याने जागा डोळ्यांनाही दिसते, व्हायोलिनसारखा अंधारात दगड नाही. तिथेच ठरलं.

सेकंडहँड मिळाला, पंधरा तरफांचा (म्हणजे मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा). गज नवा होता आणि दोन दिवस आवाजच नाही, केस तारेवरून नुसते घसरतात. मी विकणाऱ्याला फोन करून चांगलंच झापलं की वाद्य खराब दिलंत. तो शांतपणे म्हणाला, बेन, राळ लगाई? नव्या गजाच्या केसांना राळ घासल्याशिवाय ते तार पकडतच नाहीत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. खडा केसांवर पंधरा-वीस मिनिटं घासला, पांढरी पूड पडायला लागली, आणि मग पहिला सूर आला तो दार कुरकुरल्यासारखा, पण आला.

पावसाळ्यात आणखी एक ताप. खाली कातडं आहे ना, ते दमटपणाने सैल पडतं, घोडी (तारा टेकतात तो तुकडा) दबते, आवाज कांबळ्यातून आल्यासारखा. टेबल लॅम्प जवळ ठेवून दहा मिनिटं शेक द्यायचा, फार जवळ नाही. जुलैभर हेच. ऑगस्टात तर माझा ग सतत उतरलेला, शिकवणारे सर म्हणाले कान तपासा, मी मनाला लावून घेतलं. तीन आठवड्यांनी फोनवरच्या ट्यूनरने बघितलं तर ग चा पडदाच दोऱ्यासकट किंचित वर, खुंट्यांकडे सरकला होता आणि मी बिचारी इमानदारीने त्याच्यावर बोट ठेवत होते. पडदे बांधलेले असतात, सरकतात, तेव्हा आठवड्यातून एकदा तपासा, सगळा दोष कानाला देऊ नका. (सर त्या दिवशी काही बोलले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.)

नवरात्रात रियाज बंद. समोरच्या मैदानात गरबा, दिलरुबा कोपऱ्यात उभा, आणि ढोल वाजला की हात न लावता तरफा आपोआप झिणझिणायच्या. नऊ रात्री माझ्याऐवजी तोच वाजत होता.

आता भूप राग चालू आहे. घोटाळा असा की मुख्य तार मोकळी सोडली की म बोलतो आणि भूपात म नाहीच, त्यामुळे ग वरून प कडे जाताना बोट जरा उचललं गेलं की चोरटा म डोकावतोच. काल संध्याकाळी चार वेळा झालं. सूनबाई गुजराती, गाण्याचा गंध नाही, स्वयंपाकघरात भाखरी भाजत होती, तिथूनच ओरडली, "मम्मी, पाछो म आव्यो!"