देवाला कंटाळा आला होता का?

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की मी वसईतल्या आमच्या धर्मग्रामात चौथीच्या मुलांना धर्मशिक्षण देतो. पहिल्याच धड्यात प्रश्न आहे: देवाने तुला का निर्माण केलं? उत्तर मुलांना तोंडपाठ असतं. त्याला ओळखावं, त्याच्यावर प्रेम करावं, या जगात त्याची सेवा करावी आणि पुढे त्याच्यासोबत कायम सुखात राहावं, यासाठी. लहानपणी मीही हे एका श्वासात म्हणून दाखवायचो. गेल्या जूनमध्ये एका मुलीने हात वर केला. "सर, देव एकटा होता म्हणून त्याला कंटाळा आला होता का?"

वर्ग हसला. मीही हसलो, "नाही गं, देवाला कंटाळा येत नाही," म्हणालो आणि पान उलटलं. आपण पळ काढला हे शिकवणाऱ्याला बरोबर कळतं.

नोव्हेंबरात मेहुण्याचा फोन आला. माझी सासुरवाडी सावंतवाडीजवळ. त्या भागातली माणसं संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यापर्यंत पायी जातात. ३ डिसेंबरला फेस्त, २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. आमच्याकडे तो संत झेवियर. तिकडे 'गोंयचो सायब', आणि तिथले हिंदूही त्याला सायबच म्हणतात. "भावजी, येताव काय? ताई म्हणता, पोट सुटला तुमचा." साधारण ७० किलोमीटर, तीन दिवस. हो म्हणालो. पंढरीची वारी मी फक्त टीव्हीवर पाहिलेली. ही निदान आवाक्यातली वाटली.

पहाटे चारला निघालो तेव्हा आम्ही तेवीसजण होतो. पुढे लाकडी क्रूस, मागे एक टेम्पो. माझी सॅक नऊ किलोची. बांद्याला तेरेखोल नदीचा पूल येईपर्यंत खांद्यांवर वळ उठले. मेहुण्याचे मामा वय वर्षं एकाहत्तर, हातात फक्त कापडी पिशवी. त्यांनी माझ्या सॅकमध्ये हात घालून दोन जीन्स, चार्जरचा गुंडाळा आणि जाडजूड पुस्तक बाहेर काढलं आणि टेम्पोत टाकलं. "हेचो काय उपेग तुका?"

गंमत म्हणजे ज्याच्या फेस्ताला निघालो होतो त्याचीही शिकवण हीच. १५३४ मध्ये पॅरिसला झेवियरने, पुढे येशूसंघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाच्या हाताखाली, जी आध्यात्मिक साधना केली, तिच्या आरंभीच एक सूत्र आहे. माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करायला आणि त्यातून आपला आत्मा तारायला घडवला आहे; बाकीच्या सगळ्या वस्तू त्याला या कामी मदत व्हावी म्हणून; तेव्हा मदत होईल तेवढ्या घ्याव्यात, आड येतील तेवढ्या सोडाव्यात. हे मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. जीन्सला लागू केलं नव्हतं.

पत्रादेवीला सीमा ओलांडली. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर इथे पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, त्यांचं स्मारक आहे. आमच्यातल्या बायकांनी तिथे थांबून एक आमच्या बापा म्हटली. पोर्तुगिजांच्या काळात आलेल्या संताकडे जाताना पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी गेलेल्यांसाठी प्रार्थना. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही, मलाच तेवढं वाटलं.

पुढचा रस्ता कंटाळवाणा. महामार्ग रुंद झालाय, सावली गेलीय, मालपेच्या बाजूला डोंगर सरळ सुरीने कापल्यासारखा उभा आहे. लाल माती उघडी पडलेली. ट्रक गेला की ती उडून घामावर बसायची. मेहुण्याला मी सांगत होतो की उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणूस मातीचा केला, हिब्रूत माती म्हणजे 'अदामा', म्हणून तो आदाम. तो म्हणाला, "मग मी आता शंभर टक्के आदाम." खरंच होता. भुवयांपासून पोटऱ्यांपर्यंत.

मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग मी चालता चालता सोडवला, आणि तो सोपा निघाला. देव एकटा होता, हेच गृहीत चुकलेलं. योहानाच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, येशू शेवटच्या रात्री बापाला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रेम केलंस. म्हणजे डोंगर, समुद्र, माणूस यातलं काहीच नव्हतं तेव्हाही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात प्रेमाची ये-जा चालूच होती. एकटेपणा घालवायला त्याला आपली गरज नव्हती. पण याने प्रश्न आणखी अवघड होतो. घर भरलेलं असताना कोणी परक्याला दार का उघडेल?

पेडण्यात मुक्काम. तिथे माझ्या टाचेचा फोड मामांनी पाहिला. पाय मांडीवर घेतला, सुई मेणबत्तीवर धरली, दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा आतच राहू दिला, दोन्हीकडे बोटभर टोकं. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं आणि वरची कातडी निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर याला नावं ठेवतील. मी काही बोललो नाही, कारण एकाहत्तर वर्षांचा माणूस माझा मातीने भरलेला पाय मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या चष्म्याची काच श्वासाने धुरकट होत होती.

रात्री झोप नाही. डास असे की जपमाळेच्या मण्यांवर बसावेत. अंधारात माझ्या डोक्यात 'गौरव' हा शब्द फिरत होता. आमच्या धर्मसभेने १८७० साली, पहिल्या व्हॅटिकन परिषदेत, ठरवून टाकलंय की जग देवाच्या गौरवासाठी निर्माण झालं. हा शब्द मला कायम टोचत आलाय. गौरव म्हटलं की डोळ्यांसमोर येतो चौकातला फ्लेक्स: मध्ये साहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. एवढं विश्व उभारलं ते काय टाळ्या वाजवायला माणसं हवीत म्हणून? पण त्याच परिषदेच्या त्याच दस्तऐवजात असंही आहे की देवाने आपलं सुख वाढावं किंवा आपल्याला काही मिळावं म्हणून निर्मिती केली नाही. निर्मिलेल्या सृष्टीला दिलेल्या देण्यांतून आपलं पूर्णत्व प्रकट व्हावं म्हणून, आणि पूर्ण स्वेच्छेने केली. म्हणजे गौरव हे येणं नाही, देणं आहे. दुसऱ्या शतकात लियोंचा बिशप इरेनियस तर सरळ लिहून गेला: जिवंत माणूस हाच देवाचा गौरव. मात्र पुढच्याच शब्दांत त्याने जोडलंय की माणसाचं जीवन म्हणजे देवाचं दर्शन. लोक पहिलं अर्धं वाक्य घेतात आणि दुसरं सोडतात, प्रवचनांत तर हमखास.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि चौथीतल्या पोरीला सांगता येणं यात मात्र फार अंतर आहे.

दुसऱ्या दिवशी धारगळच्या पुढे रस्त्याकडेच्या एका घरासमोर मांडव होता. आत भलंमोठं टोप, त्यात उकड्या तांदळाची पेज, बाजूला खारातल्या कैरीच्या फोडी आणि सुकी चवळी. एक बाई रस्त्यावर येऊन प्रत्येकाचा हात धरून आत नेत होती. दारात तुळशीवृंदावन. पेज गरम, वरून मीठ, आणि नऊ वाजताच्या उन्हात ती घशाखाली उतरताना अंगभर घाम फुटला. मी दोन वाडगे प्यालो. विचारलं, "तुमचा नवस आहे का?"

"नवस बिवस काय ना. भात इलां घरात." तिने पळी टोपात घातली. "खाल्ल्यार बरां दिसतां."

घरात भात आलाय. बस. मागाहून कळलं की ती पहाटे तीनला उठली होती. हे महत्त्वाचं वाटलं, कारण आमच्याकडे जुने पंडित म्हणत आले की चांगुलपणाचा स्वभावच पसरण्याचा, भरलं की सांडायचं. उपमा गोड आहे, पण तिच्यात एक खोट आहे. भांडं सांडतं ते त्याला इलाज नसतो म्हणून. ही पेज सांडली नव्हती. कोणीतरी गजर लावून उठलं होतं, चूल पेटवली होती, तांदूळ मोजले होते. भात होता म्हणून, पण ठरवून. १८७० च्या त्या दस्तऐवजातला 'स्वेच्छेने' हा शब्द मला प्रथमच तिथे, मांडवात, उकिडवा बसून कळला.

कोलवाळच्या पुलावर मी मेहुण्याला तेराव्या-चौदाव्या शतकातल्या धर्मपंडितांचं भांडण सांगायला घेतलं. आदामाने पाप केलं नसतं तर ख्रिस्त जन्माला आला असता का? थॉमस अक्वायनसचा कल असा की शास्त्रात कारण पापाचंच दिलंय, तेव्हा पाप नसतं तर आला नसता असं म्हणणं जास्त योग्य. डन्स स्कोटस म्हणतो, छे, देवाच्या मनात आधी ख्रिस्तच होता, आणि त्याच्यासाठी बाकीचं जग. पौलाच्या नावावरच्या कलस्सैकरांस पत्रातही सर्व काही त्याच्याद्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झालं असंच आहे. मला स्कोटस पटतो. पाहुणा येणार हे आधी ठरलेलं, घर त्याच्यासाठी बांधलेलं. घरात आग लागली म्हणून तो धावत आला असं नाही. मेहुणा म्हणाला, "भावजी, पाणी द्या."

म्हापशाच्या मुक्कामी मी तो प्रश्न मामांनाच विचारला. ते पायांना खोबरेल चोळत होते. मुलीचा कंटाळ्याचा किस्सा सांगितला तर हसले. मग म्हणाले, "तेका खंयची कमी? कमी नाय म्हणान तर दिल्यान." आणि तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली. यांनी कोणती परिषद वाचली नव्हती. सातवीनंतर शाळा सुटली, चाळीस वर्षं गवंडीकाम.

तिसऱ्या दिवशी मांडवी ओलांडून पणजी, आणि मग रायबंदरचा जुना कॉजवे. १६३४ च्या सुमाराला पोर्तुगिजांनी बांधलेला, तीन किलोमीटरच्या वर सरळ रेघ. एका बाजूला मिठागरं, कांदळवन, बगळे. इथे जपमाळ आपोआप थांबली, कोणीच बोलेना. त्या बगळ्यांना आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात लिहिलंय की इतर प्राण्यांचं अंतिम प्रयोजन आपण माणसं नाही. ते आपल्यासोबत आणि आपल्यामार्फत देवाकडेच निघालेले आहेत. म्हणजे बगळेही वारीतच होते म्हणायचे, फक्त त्यांना फोड आले नव्हते.

बॉम जेझूच्या बॅसिलिकाचा दर्शनी भाग बिनगिलाव्याचा आहे, जांभ्याचा चिरा उघडा. मामांनी गवंड्याच्या नजरेने त्यावर तळहात ठेवला आणि सांधे पाहिले. आत रांग तासाभराची. सायबाचे अवशेष असलेली चांदीची पेटी उंच संगमरवरी चौथऱ्यावर असते, खालून मान वर करून पाहायची. ६ मे १५४२ ला तो गोव्यात उतरला आणि दहा वर्षांनी, ३ डिसेंबरला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तापाने गेला. चीनची भूमी समोर दिसत असताना, सेहेचाळिसाव्या वर्षी. गर्दीने मला पेटीखालून पुढे ढकललं. काय मागायचं ते आठवलंच नाही. पाय दुखत होते एवढं आठवतं, आणि शेजारच्या बाईच्या केसांतल्या अबोलीचा गजरा.

बाहेर खाजें घेतलं, दोन पुड्या. येताना बसने सावंतवाडी दोन-अडीच तासांत आली. धारगळला मी खिडकीतून मांडव शोधला. काढून टाकला होता.

पुढच्या रविवारी वर्गात खाजें वाटलं आणि सांगितलं: देव एकटा नव्हता, त्याला कंटाळाही आला नव्हता. त्याला काही कमी नव्हतं, म्हणूनच त्याने दिलं. पेजेची गोष्ट सांगितली, पहाटे तीनच्या गजरासकट. मुलं ऐकत होती. डासांच्या रात्रीवर सगळ्यात जास्त हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. बोटं चाटून तिने हात वर केला.

"मग सर, डास कशाला दिले?"