आमची वाटचाल : ४० मिलिसेकंदांत बसवलेले काम

सांगलीच्या गावभागातील एका गाळ्यात आम्ही काम सुरू केले, तेव्हा व्हिडिओवरचे इफेक्ट ही लग्न उरकल्यानंतर सवडीने करण्याची गोष्ट होती. बदामाच्या आकारात नवरा-नवरी बसवण्यासाठी संगणक रात्रभर चालला तरी कोणाची तक्रार नसे. पुढे मंगल कार्यालयांत एलईडी पडदे आले आणि तेच सगळे समोर विधी चालू असतानाच दिसावे, अशी मागणी होऊ लागली.

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी आम्ही सेकंदाला २५ फ्रेमनेच चित्रण करतो. म्हणजे एका फ्रेममधील २०,७३,६०० पिक्सेलवरचे सगळे गणित ४० मिलिसेकंदांत उरकावे लागते. सुरुवातीला आमचा संगणक त्यात कमी पडे, फ्रेम रांगेत साठत जात आणि मंगलाष्टके संपून वाजंत्री सुरू झाली तरी पडद्यावरचे भटजी गातच असत. उशीर झालेली फ्रेम सांभाळून न ठेवता सरळ टाकून द्यायची असते, हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगले. दुसरी काटकसर गणितातली होती. पार्श्वभूमी धूसर करायची, तर प्रत्येक पिक्सेलचा रंग शेजारच्या पिक्सेलांत मिसळावा लागतो. त्यासाठी १५ गुणिले १५ पिक्सेलचा चौकोन घेतला, तर प्रत्येक पिक्सेलमागे २२५ गुणाकार होतात. तेच काम आधी आडवे आणि मग उभे असे दोन फेऱ्यांत केले, तर ३० गुणाकारांत भागते. २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात गाळ्यात पाणी शिरून जुना संगणक गेला, तेव्हा कर्ज काढून चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा नवा घेतला. पुढच्याच वर्षी लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि घरी बसून लग्न पाहणाऱ्या नातेवाइकांमुळे त्याचे हप्ते फिटले.

आमची सर्वांत मोठी फजिती मात्र वेगाची नव्हती, रंगाची होती. वधूच्या मागे हिरवा पडदा लावून त्या जागी राजवाड्याचे चित्र दाखवायचे ठरले होते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी असल्यामुळे तो रंग स्वच्छ टिपला जातो, म्हणून अशा कामाला हिरवा पडदा वापरण्याची पद्धत आहे. ती आम्ही डोळे मिटून पाळली आणि मुलीच्या हातातला हिरवा चुडा विसरलो. तिने हात वर केले, तेव्हा पडद्यावर मनगटे कोपरांपासून सुटून राजवाड्यात तरंगू लागली. पहिल्या रांगेतल्या आजी उठून म्हणाल्या, “पोरीच्या हातातला चुडा कुठं गेला?” त्यात हसण्यासारखे काहीच नव्हते. त्या दिवसाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. तेव्हापासून निळा पडदा वापरतो आणि सुपारी घेतानाच शालूचा रंग विचारतो.

निळ्या पडद्याचीही एक किंमत असते. कार्यालयातल्या मंद उजेडात निळ्या रंगात दाणे जास्त उठतात, म्हणून लागोपाठच्या काही फ्रेम ताडून पाहणारा गाळणीसारखा फिल्टर आम्ही लावला. जो ठिपका एका फ्रेममध्ये दिसतो आणि पुढच्या फ्रेममध्ये त्या जागी नसतो, तो दोष समजून पुसून टाकायचा, असा त्याचा साधा हिशोब. चित्र सुरेख दिसू लागले आणि पहिले काही दिवस आम्ही खूश होतो. मग एका वरपित्याने ध्वनिमुद्रणासह सगळे पाहून विचारले की ‘सावधान’ ऐकू येते आहे, पण अक्षता का पडत नाहीत? क्षणभर हवेत दिसणारा तांदळाचा दाणा आणि कॅमेऱ्याचा दाणा यांतला फरक फिल्टरला कळत नव्हता. वेगाने हलणारे ठिपके ओळखण्याची युक्ती करून पाहिली, पण ती ४० मिलिसेकंदांत बसेना. आता अंतरपाट धरला की आमचा एक मुलगा कळफलकावर बोट ठेवून उभा राहतो आणि मंगलाष्टकाचे शेवटचे कडवे सुरू झाले की फिल्टर बंद करतो. तेवढा वेळ चित्र दाणेदार दिसते, पण अक्षता पडताना दिसतात.