पेडणे ते पणजी, मांडीवर लॅपटॉप

आधी निकाल सांगतो, कहाणी नंतर. रोजच्या जाण्यायेण्यात लॅपटॉपला नेट हवं म्हणून यूएसबी डोंगल (सिम घालून लॅपटॉपला खोचायचं छोटं यंत्र) घ्यायला निघाला असाल, तर पैसे खिशात राहू द्या. फोन, एक धड डेटा केबल आणि दुसऱ्या कंपनीचं सिम, एवढ्यावर भागतं. पणजीच्या अलीकडे पर्वरीत मात्र कशानेच भागत नाही, त्यावर पुढे बोलूच.

म्हापशातल्या एका दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "बसमध्ये लावा, ट्रेनमध्ये लावा, कुठेही फुल स्पीड." खोक्यावर १५० एमबीपीएस छापलेलं. छापील किमतीवर 'ॲक्टिव्हेशन'चे तीनशे रुपये वेगळे, आणि त्यांची पावती नाही. मागितली तर म्हणे, "सगळेच देतात, साहेब." तुम्ही देऊ नका. पावती नसलेला पैसा ऐकला की दुकानातून उठा.

ते १५० खोक्यावरच राहतात. स्वस्तातलं ४जी डोंगल एका वेळी एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर, चालतं, तर आजचे बरेचसे फोन दोन-तीन बँड एकत्र जोडून घेतात. शिवाय डोंगल लॅपटॉपच्या कडेला खोचलेलं, म्हणजे तुमच्या मांडीच्या उंचीला, बसच्या पत्र्याच्या आड. फोन खिडकीपाशी धरता येतो. नुसत्या या जागेच्या फरकानेही मेल जाणं न जाणं ठरतं. आणखी एक ताप: डोंगलच्या सिमवर येणारा ओटीपी कुठे दिसतो? ब्राउझरमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, मेसेजचं पान उघडायचं. तोवर ओटीपीची मुदत संपते. हे दुकानात कोणी सांगत नाही.

खिशात मावणारं बॅटरीवालं हॉटस्पॉट हे त्यातल्या त्यात बरं प्रकरण, पण तिघे-चौघे मिळून एका गाडीतून जात असाल तरच. डॅशबोर्डवर ठेवा, खर्च वाटून घ्या. एकट्याने घेऊ नये.

आता रस्ता. ट्रेनचा पर्याय असेल तर ट्रेन. सावंतवाडीहून येणारी पॅसेंजर पेडण्याला पकडायची, करमळीला उतरून पणजीची बस. खिडकी उघडी, मांडीवर जागा, फारसे धक्के नाहीत. जांभ्याच्या खोल कटिंगमध्ये गाडी शिरली की नेट जातं, बाहेर आली की येतं. मांडवीच्या रेल्वेपुलावर झकास. बांदा-सावंतवाडीकडून येणाऱ्यांना मडुरा आणि पेडण्याच्या मध्ये बोगदा लागतो, तिथे काही अपेक्षाच नको. (जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरून गाड्या बंद पडल्या होत्या, नेटचं काय घेऊन बसलात!) एसी डबा मुद्दाम टाळा. बंद डब्याच्या काचा आणि पत्रा सिग्नल खातात.

बसने पेडणे ते म्हापसा हा टप्पा बरा. धारगळ, कोलवाळचा पूल, सगळं ठीक. म्हापशाला उतरून पणजीची नॉनस्टॉप धरायची, कदंबचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचं, तिकीट खाली काउंटरवरच काढायचं. बसायला जागा मिळाली तरच लॅपटॉप बाहेर काढा. खासगी बसमध्ये तर विचारही नको, कंडक्टर "फाटीं वचात, फाटीं!" (मागे सरका, मागे!) करत माणसं कोंबतो आणि कोणाची तरी पिशवी तुमच्या कीबोर्डवर येते.

आणि मग पर्वरी.

उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून इथे गाडी किती वेळ उभी राहील याचा नेम नाही. वाटतं, उभ्या बसमध्ये तरी काम उरकेल. फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण, आणि पान उघडत नाही. एक फाइल चढवायची होती, सहा एमबीची. नव्वद टक्क्यांवर येऊन गोल फिरत राहिली, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) तुटलं, पुन्हा शून्यापासून. शेजारचे आजोबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते, शेवटी म्हणाले, "बंद कर रे बाबा, बॅटरी तरी वाचव."

दांड्या टॉवर किती जोरात ऐकू येतोय ते सांगतात, त्याच्या दारात किती जण रांगेत उभे आहेत ते नाही. कोंडीत अडकलेला प्रत्येक जण रील बघतोय, नकाशा उघडतोय, घरी व्हिडिओ कॉल लावतोय, आणि टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. म्हणून गिरी गावापासून मांडवीच्या पुलापर्यंत मीटिंग ठेवू नका. 'कॅमेरा बंद ठेवून जॉइन होतो' हेही नको, आवाज तुटतो आणि साहेबाला वाटतं तुम्ही उत्तर टाळताय. लागणाऱ्या फाइली घरच्या वायफायवर उतरवून घ्या, पर्वरीत फक्त लिहा. पुलावर मेल आपोआप सुटतात.

फोनचं नेट लॅपटॉपला वायफाय हॉटस्पॉटने नको, केबलने द्या. भरल्या बसमध्ये डझनभर फोनांचे ब्लूटूथ-वायफाय एकमेकांत घुसतात. केबलला त्याची फिकीर नाही, आणि फोन चार्जही होत राहतो. केबल घेताना 'डेटा' विचारून घ्या, फक्त चार्जिंगवाल्या केबलीही त्याच खोक्यात असतात. धावत्या गाडीत फोन ४जीवर बांधून ठेवा, नाहीतर ४जी-५जीच्या उड्यांत तो तापतो. कोंडीत उलटं करून बघा, कधी कधी ५जीवर गर्दी कमी असते.

विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' (डेटा जपून वापरायचं) करा. नाहीतर अपडेट तुमचा दिवसाचा दीड-दोन जीबी कोटा म्हापशापर्यंतच गिळतं आणि पुढे वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात साधा मेलही रडत उघडतो.

कंपनी कुठली, हे मला विचारू नका. माझ्या घरी जी चालते ती तुमच्या वाड्यावर चालेलच असं नाही. स्वस्त प्रीपेड सिम दुसऱ्या खाचेत घाला, महिनाभर आपल्याच वाटेवर वापरा, मग मुख्य नंबर पोर्ट करायचा का ते ठरवा. पोर्टिंगसाठी सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत, मग इंग्रजीत PORT, एक जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० ला. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर पहिले ७ दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. आणि वर्षाचा रिचार्ज कितीही स्वस्त दिसला तरी आधी एक पावसाळा त्या सिमवर काढा, मगच भरा.